दुकानातलं अ‍ॅक्सेस बंद करायचं का? डेस्कटॉप डेटाबेसचे फायदे, खर्च आणि बाहेर पडायचा रस्ता

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चाही थांबला. सगळं मोबाइलवर करणाऱ्या आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी ही बातमी पूर्ण वाचलीही नसेल. पण छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकातून पैठण गेटकडे किंवा जालना रोडने जाताना दोन्ही बाजूची दुकानं, दवाखाने, क्लासेस जरा बघा. काउंटरवर क्यूआर कोड नवा असतो, पण त्याच्या मागचा कॉम्प्युटर आठ-दहा वर्षांचा असतो. आणि त्यावर बऱ्याचदा एक राखाडी रंगाचा फॉर्म उघडा असतो. ग्राहकाचं नाव, मोबाइल नंबर, उधारी, शेरा. तो फॉर्म बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये बनवलेला असतो, कुठे कुठे तर अजून फॉक्सप्रोमध्येही.

माझं ऑफिस क्रांती चौकापासून चालत पाच मिनिटांवर आहे. गेल्या काही महिन्यांत मला आणि माझ्या तीन-चार डेव्हलपर मित्रांना एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारला: "हे जुनं सॉफ्टवेअर ठेवू का काढू?" तुम्ही बीसीए, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करत असाल तर काका, मामा किंवा बाबांचे मित्र तुम्हालाही हेच विचारतील. पुढचं वाक्य पण ठरलेलं: "तू कॉम्प्युटरचा आहेस ना, मग एखादं अ‍ॅप बनवून टाक." हो म्हणायच्या आधी हा लेख वाचा.

आधी हे समजून घ्या: डेस्कटॉप डेटाबेस म्हणजे काय?

डेटाबेस म्हणजे नीट रचलेली माहिती. मोठ्या कंपन्यांचा डेटाबेस सर्व्हरवर असतो आणि आपलं अ‍ॅप इंटरनेटवरून त्याच्याशी बोलतं. डेस्कटॉप डेटाबेसमध्ये सगळी माहिती एका फाइलमध्ये असते आणि ती फाइल समोरच्या कॉम्प्युटरवर किंवा दुकानातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर असते. माहितीची टेबलं, भरायचे फॉर्म आणि छापायचे रिपोर्ट, तिन्ही गोष्टी एकाच सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. अ‍ॅक्सेस, फॉक्सप्रो, फाइलमेकर, लिब्रेऑफिस बेस ही त्याची नावं.

असाच एका फाइलचा डेटाबेस तुमच्या खिशातही आहे. अँड्रॉइड असो की आयफोन, प्रत्येक फोनमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट फोनमध्ये एसक्यूलाइटच्याच फाइलमध्ये साठतात. म्हणून नेट बंद असतानाही जुने मेसेज दिसतात. फॉर्म आणि रिपोर्ट बनवायची सोय मात्र एसक्यूलाइटमध्ये नाही, ते काम प्रोग्रॅमरने करायचं.

"मग एक्सेल काय वाईट आहे?" हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर आपल्या शहराच्या नावातच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव करायला मंजुरी दिली. ज्याने पाच हजार ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये ठेवली होती त्याला पाच हजार ओळींत नाव बदलायचं होतं. फाइंड-रिप्लेस करून भागत नाही, कारण कुणी 'औरंगाबाद' लिहिलेलं असतं, कुणी 'औ.बाद', कुणी इंग्रजीत. डेटाबेसमध्ये शहरांचं वेगळं टेबल असतं. ग्राहकाच्या ओळीत फक्त 'शहर क्रमांक ३' अशी नोंद असते. शहरांच्या टेबलमध्ये एक ओळ बदलली की सगळीकडे नवीन नाव येतं.

यात एक मेख आहे, ती पण सांगतो. २०२१ चं जुनं बिल आज पुन्हा छापलं तर त्यावर कोणतं शहर यावं? त्या दिवशी जे होतं तेच. म्हणजे बिलावरचा पत्ता बिलासोबतच साठवायला हवा, शहरांच्या टेबलमधून नव्याने उचलायचा नाही. आता मोठ्या यंत्रणेचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या रेल्वे स्टेशनचं नाव बदललं तेव्हा स्टेशनचा कोडही सीपीएसएन झाला. ज्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जुना कोडच 'ओळख क्रमांक' म्हणून वापरला असेल, त्यांना तो जिथे जिथे आहे तिथे शोधून बदलावा लागणार. म्हणून ओळख क्रमांक नेहमी बिनअर्थाचा आकडा ठेवा. कोड, नाव, मोबाइल नंबर हे सगळं कधी ना कधी बदलतं.

हे सगळं दुकानात आलं कसं?

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लास लावला की डीबेस आणि फॉक्सप्रो शिकवायचे. घरातल्या कुणा मोठ्या माणसाला विचारा, 'डॉट प्रॉम्प्ट' म्हटलं की चेहरा खुलेल. डीबेस विकणारी अ‍ॅश्टन-टेट कंपनी १९९१ मध्ये बोरलँडने विकत घेतली. फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचं अ‍ॅक्सेस बाजारात आणलं. पुढे २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की व्हिज्युअल फॉक्सप्रोची दहावी आवृत्ती येणार नाही. जानेवारी २०१५ मध्ये नवव्या आवृत्तीचा उरलासुरला सपोर्टही संपला.

गंमत म्हणजे डीबेसची डीबीएफ फाइल अजून जिवंत आहे. लिब्रेऑफिस ती आजही उघडतं. नकाशांचं काम करणाऱ्यांच्या शेपफाइलमध्ये माहितीचा भाग डीबीएफमध्येच असतो. कंपनी विकली गेली, तिचं नाव विसरलं गेलं, पण फाइलची रचना सगळ्यांना माहीत होती म्हणून फाइल वाचली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

अ‍ॅक्सेस मात्र बंद झालेलं नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या काही प्लॅनमध्ये ते मिळतं आणि २०२४ ची एकदाच पैसे भरून घ्यायची आवृत्तीही आहे. संपला आहे तो २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट. म्हणजे जुनं अ‍ॅक्सेस उद्या उघडणार नाही असं नाही. ते उघडेल, चालेल, पण त्यात नवीन धोका सापडला तर दुरुस्ती येणार नाही. "अ‍ॅक्सेस मेलं" असं कुणी सांगत असेल तर तो बहुतेक तुम्हाला स्वतःचं काहीतरी विकायला आलाय.

फायदे: उगाच नावं ठेवू नका

आम्ही डेव्हलपर लोक अ‍ॅक्सेसला हसतो. कॉलेजमध्ये मीही हसायचो, सगळेच हसायचे म्हणून. पण दुकानदाराच्या बाजूने बघितलं तर फायदे खरे आहेत.

पहिला फायदा वेगाचा. ज्याला धंदा कळतो त्याने दोन-तीन रविवार बसून फॉर्म बनवला आणि सोमवारी वापरायला सुरुवात केली, हे अ‍ॅक्सेसमध्ये होतं. तेच वेब अ‍ॅपमध्ये करायचं तर लॉगिन, सर्व्हर, डोमेन, सुरक्षा, होस्टिंग हे सगळं आधी उभं करावं लागतं.

दुसरा, दरमहा भाडं नाही. २०१६ मध्ये घेतलेलं लायसन्स नऊ वर्षं चाललं. शिवाय अ‍ॅक्सेसचं रनटाइम मोफत मिळतं. म्हणजे फॉर्म बनवणाऱ्या एका कॉम्प्युटरवर पूर्ण अ‍ॅक्सेस घ्यायचं आणि फक्त वापरायच्या कॉम्प्युटरवर रनटाइम टाकायचं. ही गोष्ट बऱ्याच दुकानदारांना कुणी सांगितलेलीच नसते.

तिसरा, इंटरनेटची गरज नाही. आपल्याकडे रस्ता खोदला की केबल तुटते, हे वेगळं सांगायला नको. पण फक्त आपलीच केबल तुटते असं नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागात बिघाड झाला आणि स्नॅपचॅट, सिग्नलसारख्या सेवा जगभर अडखळल्या. १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर कोलमडलं तेव्हा एक्स आणि चॅटजीपीटी उघडत नव्हतं. त्या दोन्ही दिवशी दुकानातली अ‍ॅक्सेसची फाइल नेहमीसारखी उघडत होती.

खर्च: जो पावतीवर दिसत नाही

आता दुसरी बाजू. हे खर्च विकत घेताना दिसत नाहीत, काही वर्षांनी दिसतात.

अ‍ॅक्सेसच्या एका फाइलची मर्यादा २ जीबी आहे. नुसती नावं आणि आकडे असतील तर छोट्या दुकानाला ती भरायला अनेक वर्षं लागतात. पण कुणी वस्तूंचे फोटो थेट टेबलमध्ये घातले की फाइल झपाट्याने फुगते. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून टेबलमध्ये फक्त त्याचा पत्ता लिहायचा असतो. रेकॉर्ड डिलीट केले तरी फाइल आपोआप लहान होत नाही, त्यासाठी अधूनमधून 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवावं लागतं.

कागदावर एका वेळी २५५ जण ती फाइल वापरू शकतात. प्रत्यक्षात पाच-सात जणांपर्यंत ठीक, तेही केबलच्या नेटवर्कवर. अ‍ॅक्सेसमध्ये प्रत्येक कॉम्प्युटर थेट त्या फाइलमध्ये लिहीत असतो. मध्ये कुणी हिशेब ठेवणारा सर्व्हर नसतो. वाय-फाय लिहिता लिहिता तुटलं तर फाइल खराब होऊ शकते. तीच फाइल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवून दोन ठिकाणांहून उघडली तर दोन वेगवेगळ्या कॉपी तयार होतात. मग खरी कोणती, हे कुणालाच सांगता येत नाही.

फोनवर अ‍ॅक्सेस चालत नाही, मॅकवरही नाही. मालकाला घरी बसून आजची विक्री बघायची असेल तर इथे अडतं.

आणि सगळ्यात मोठा खर्च माणसाचा. ज्याने ते बनवलं तो एकटाच त्याला ओळखतो.

एक फाइल, चार मतं

हे शेवटचं नीट कळावं म्हणून एक प्रसंग सांगतो. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण त्याचा काही संबंध नाही. क्रांती चौकाच्या परिसरातलं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, चार कॉम्प्युटर, अकरा वर्षं चाललेली अ‍ॅक्सेसची फाइल. अकरा वर्षांत ती ३०० एमबीही झालेली नव्हती. म्हणजे जागेचा प्रश्न नव्हताच.

प्रश्न आला २२ सप्टेंबर २०२५ ला. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि गाड्यांच्या पार्टवरचा २८ टक्के कर १८ टक्क्यांवर आला. ग्राहकासाठी चांगली बातमी. पण या दुकानाच्या बिलात २८ हा आकडा टेबलमध्ये नव्हता, फॉर्मच्या मागच्या कोडमध्ये लिहिलेला होता. आणि ती फाइल एसीसीडीई प्रकारची होती. अ‍ॅक्सेसमध्ये फाइल एसीसीडीई करून दिली की कोड कुणाला बघता येत नाही आणि फॉर्मची रचना बदलता येत नाही. बदल करायचा तर मूळ एसीसीडीबी फाइल लागते. ती बनवणाऱ्याकडे होती. तो केव्हाच पुण्याला गेलेला, लॅपटॉपही बदललेला. दुकानाने मूळ फाइल कधी मागितलीच नव्हती, कारण अशी दुसरी फाइल असते हेच माहीत नव्हतं. पुढचे तीन आठवडे बिलं हाताने बिलबुकावर झाली.

आम्ही चौघांनी ती फाइल बघितली आणि चौघांची चार मतं झाली.

एक जण म्हणाला, सगळं वेब अ‍ॅपमध्ये करू, मागे पोस्टग्रेसक्यूएल ठेवू. फुकट आहे, दणकट आहे, फोनवरही दिसेल. बरोबर आहे, पण पोस्टग्रेसक्यूएल फुकट असलं तरी ते सांभाळणारा माणूस फुकट नसतो. दर महिन्याला सर्व्हर, अपडेट, बॅकअप बघणार कोण? आत्ता जो प्रश्न आहे, 'बनवणारा गेला की संपलं', तोच पुन्हा उभा राहतो, फक्त जरा जास्त महाग होऊन.

दुसरा म्हणाला, अ‍ॅक्सेसच ठेवू पण नीट करू. फाइलचे दोन भाग करू: टेबलं एका फाइलमध्ये, फॉर्म दुसऱ्या फाइलमध्ये. उद्या कॉम्प्युटर वाढले तर टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये हलवू. तेही मोफत आहे आणि २०२५ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला ५० जीबीपर्यंत जागा देतं, आधी १० जीबी होती. फॉर्म अ‍ॅक्सेसचेच राहतील, काउंटरवरच्या माणसाला फरक कळणार नाही. हा मधला रस्ता खूप ठिकाणी योग्य असतो.

तिसऱ्याचं मत सगळ्यात साधं: तयार बिलिंग सॉफ्टवेअर घ्या. दर बदलला की कंपनी अपडेट पाठवते. टॅलीसारखं डेस्कटॉपवर चालणारं घ्या, नेट गेलं तरी बिल थांबणार नाही.

मला तिसऱ्याचं पटत होतं, पण फाइल उघडून बघितल्यावर एक टेबल दिसलं ज्याबद्दल मालकांनी सुरुवातीला काही सांगितलंच नव्हतं. कोणत्या गाडीच्या कोणत्या वर्षाच्या मॉडेलला कोणता पार्ट बसतो, कंपनीचा नाही मिळाला तर दुसरा कोणता चालतो, आणि शेवटी शेरा. "हा घासून बसवावा लागतो." "यासोबत नवीन वॉशर द्या." अकरा वर्षं काउंटरवर उभं राहून जमवलेली माहिती. मी विचारलं, "काका, हे तयार सॉफ्टवेअरमध्ये येईल का?" ते म्हणाले, "ते कुठं येतंय भाऊ. त्याच्यासाठीच तर ही फाइल ठेवली. बिल काय, हातानं पण होतं."

तिथे उत्तर मिळालं. हे एक काम नव्हतं, दोन होती. बिलाचं काम कायद्याने बदलतं: दर बदलतात, नियम बदलतात. ते काम ज्याचा धंदाच नियमांप्रमाणे सॉफ्टवेअर बदलत राहण्याचा आहे, त्याच्याकडे द्यावं. पार्टच्या जोड्यांची माहिती कुठल्या कायद्याने बदलत नाही आणि ती जगात फक्त त्या दुकानाकडे आहे. ती त्यांच्याच कॉम्प्युटरवर, त्यांच्याच फाइलमध्ये राहावी. आम्ही बिल तयार सॉफ्टवेअरवर नेलं आणि पार्टच्या यादीसाठी अ‍ॅक्सेसमध्ये दोन साधे नवीन फॉर्म बनवले. मूळ एसीसीडीबी फाइल यावेळी मालकांच्या हातात दिली, एका पेनड्राइव्हवर आणि एका पानाच्या टिपणासह.

हे शक्य झालं कारण एसीसीडीईमध्ये फॉर्म आणि कोड बंद असले तरी टेबलं काढून घेता येतात. फॉर्म गेले होते, माहिती होती.

मराठीची वेगळी अडचण

टेबलं निघाली, पण शेऱ्याचा रकाना उघडला तर त्यात चिन्हांचा आणि इंग्रजी अक्षरांचा खिचडा. कारण शेरे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते.

युनिकोड सगळीकडे पोचण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरमधून मराठी टाइप व्हायचं. त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर 'क' नसतं. तिथे दुसऱ्याच कुठल्या तरी चिन्हाचा आकडा साठतो आणि फॉन्ट त्या आकड्याच्या जागी 'क' चं चित्र दाखवतो. फॉन्ट काढला की खाली काहीच मराठी उरत नाही. त्यात शोध नीट चालत नाही, यादी अ-आ-इ क्रमाने लागत नाही. फॉक्सप्रोच्या फाइलमध्ये तर युनिकोडची सोयच नव्हती. अ‍ॅक्सेसमध्ये २००० च्या आवृत्तीपासून आहे, पण टाइप करणाऱ्याने जुना फॉन्ट वापरला तर सोय असून काय उपयोग?

फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. पण ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफार आणि जोडाक्षरांचंही असंच उलटसुलट असतं. त्यामुळे कन्व्हर्टरनंतर माणसाने एक एक ओळ वाचावी लागते. या पूर्ण कामात आमचा सर्वात जास्त वेळ इथेच गेला. हा खर्च इंग्रजी दुकानदाराला पडत नाही, आपल्याला पडतो. म्हणून घरच्या धंद्यात कुणी अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत असेल तर ते आजच थांबवा. फोनवर टाइप करता तसंच युनिकोड मराठी कॉम्प्युटरवरही मोफत मिळतं.

क्लाउडवर गेलं की सुटलो, असं नाही

"मग सरळ ऑनलाइन जावं ना?" जावं, गरज असेल तर. पण दोन उदाहरणं लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्सेसच्याच वेब अ‍ॅप काढल्या होत्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या. २०१७ मध्ये त्या बंद करणार असल्याचं सांगितलं आणि एप्रिल २०१८ मध्ये बंद केल्या. ज्यांनी जुनं डेस्कटॉप अ‍ॅक्सेस धरून ठेवलं त्यांचं मात्र चालू राहिलं. दुसरं ताजं उदाहरण गूगल टेबल्सचं. ऑनलाइन डेटाबेसची ही सेवा गूगलने १६ डिसेंबर २०२५ पासून थांबवली. वापरणाऱ्यांना आपली माहिती गूगल शीट्स किंवा अ‍ॅपशीटमध्ये हलवायला सांगितलं.

डेस्कटॉप सॉफ्टवेअरचा सपोर्ट संपला तर फाइल निदान उघडते. ऑनलाइन सेवा बंद झाली तर ठरलेल्या तारखेनंतर दारच बंद होतं. मोफत प्लॅनच्या मर्यादाही आधी बघा. एअरटेबलच्या मोफत प्लॅनमध्ये एका बेसला १,००० रेकॉर्ड बसतात, छोट्या किराणा दुकानाची उधारीची वहीसुद्धा त्यापेक्षा मोठी असते.

आणि आता कायदा

ग्राहकांची नावं, नंबर, पत्ते साठवणाऱ्यांसाठी एक नवी गोष्ट आली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कोपऱ्यावरच्या दुकानाला कुणी २५० कोटींचा दंड करणार नाही, चूक किती गंभीर आहे ते बघूनच रक्कम ठरते. पण "आमची फाइल छोटी आहे, आम्हाला काय" हे आता चालणार नाही. माहिती फुटली तर ज्यांची आहे त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवावं लागेल.

इथे जुनी अ‍ॅक्सेस फाइल कच्ची ठरते. जुन्या एमडीबी फाइलचा पासवर्ड काढून देणारी साधनं नेटवर सहज मिळतात. एसीसीडीबी फाइलला पासवर्ड दिला तर ती खरोखर एन्क्रिप्ट होते, ते बरं आहे. पण कुणी पूर्ण फाइलच पेनड्राइव्हवर कॉपी करून नेली तर अ‍ॅक्सेस त्याची कुठेही नोंद ठेवत नाही. दवाखाना असेल, रुग्णांची माहिती असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: एमडीबी फाइलमधून बाहेर पडा. कोणी काय बघितलं याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरवर जा, मग तो दुकानातल्याच कॉम्प्युटरवर असला तरी चालेल.

मग ठरवायचं कसं?

मी आता कुणालाही 'अ‍ॅक्सेस की क्लाउड' असा सल्ला देत नाही. आधी तीन गोष्टी करून बघायला सांगतो. या तुम्ही स्वतः एका रविवारी करू शकता. मूळ फाइलला हात लावू नका, तिची कॉपी घ्या आणि कॉपीवर करा.

१. सगळी टेबलं सीएसव्हीमध्ये काढा. अ‍ॅक्सेसमध्ये एक्सपोर्ट करताना 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन युटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

२. त्या फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर, जिथे अ‍ॅक्सेस नाही तिथे, लिब्रेऑफिसमध्ये उघडा. मराठी वाचता येतंय का? तारखांमध्ये दिवस-महिना उलटे तर झाले नाहीत ना? शून्याने सुरू होणारे पार्ट नंबर पूर्ण आलेत का? एकूण ओळी तेवढ्याच आहेत का?

३. बनवणाऱ्याला फोन न करता एखादा दर बदलून बघा. बदलता येत नसेल तर मूळ फाइल कुणाकडे आहे ते विचारा आणि ती मागून घ्या. नवीन काम देताना मूळ फाइल आणि पासवर्ड मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

तिन्ही जमलं तर घाई करू नका. एका जागी, पाच-सहा माणसांत, केबलच्या नेटवर्कवर चालणारं काम डेस्कटॉपवर छान चालतं. नवीन आवृत्ती घ्या, टेबलं आणि फॉर्म वेगळे करा, रोज संध्याकाळी बॅकअप घ्या आणि त्याची एक कॉपी दुकानाबाहेर ठेवा. पैसे वाचवायचे असतील तर लिब्रेऑफिस बेस बघा, फक्त अ‍ॅक्सेसचे फॉर्म आणि कोड त्यात जसेच्या तसे येत नाहीत. दोन शाखा असतील, फोनवरून नोंदी हव्या असतील किंवा नाजूक माहिती असेल तर सर्व्हरवर जा. पण तिथेही पहिल्या महिन्यातच हीच परीक्षा घ्या: माझी सगळी माहिती वाचता येईल अशी बाहेर निघते का?

तिन्हीपैकी एकही जमलं नाही, तर नवीन अ‍ॅप बनवायच्या गोष्टी बाजूला ठेवा. आधी माहिती बाहेर काढा. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं ते पुढच्या महिन्यात ठरवलं तरी चालतं, पण काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क तोपर्यंत थांबेल याची खात्री कुणी देत नाही.

घरच्या किंवा ओळखीच्या दुकानातली फाइल कोणती आहे ते बघायला विसरू नका: एमडीबी, एसीसीडीबी, एसीसीडीई की डीबीएफ. कमेंटमध्ये फक्त तेवढं आणि किती कॉम्प्युटरवर चालतं ते लिहा, ग्राहकांची माहिती असलेला स्क्रीनशॉट टाकू नका. पुढच्या लेखात जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा ते एक एक पायरी करून दाखवतो.